अर्धी गोणी जादा

१२ डिसेंबर

बाबा,

फोन तुम्ही उचलत नाही आणि आत्याला मध्ये घालायची माझी इच्छा नाही, म्हणून हे पत्र. खुशाली विचारत नाही. ती आत्याकडून कळतेच : जेवता नीट, बोलत नाही, दिवसभर तिच्या अंगणातली माती उकरता.

तुम्ही घर सोडून बहिणीकडे गेलात त्याला आज तेवीस दिवस झाले.

मळेवाल्यांच्या सोसायटीच्या सभेत मी जे बोलले त्यातला एक आकडा खोटा असेल तर दाखवा. खालच्या वस्तीतल्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट निघालं लिटरला एकशे एकवीस मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात पंचेचाळीसच्या आत हवं. मळेवाल्यांनी विचारलं, हे आलं कुठून? मी पाणी विभागाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, कुणी विचारलं की सांगणं हे माझं कामच आहे. म्हणून म्हटलं, वरच्या मळ्यांत बारा वर्षं गरजेच्या दीडपट युरिया पडतोय, आणि खताच्या ज्या तक्त्यावरून पडतोय तो याच भिंतीवर लावलाय. सगळ्यांनी माना वळवून भिंतीकडं पाहिलं. खाली तुमची सही. मग सगळ्यांनी तुमच्याकडं पाहिलं.

तुम्ही उजवा कान पुढं करून बसला होतात. खत कारखान्यात कॉम्प्रेसरशेजारी चौतीस वर्षं काढल्यावर डावा कामातून गेलेला, त्यामुळे क्षणभर मला वाटलं, ऐकूच गेलं नसेल. पण तुम्ही उठलात, खुर्ची होती तशी सरकवून ठेवलीत आणि गेलात. खुर्ची कशाला सरकवलीत? आपटली असतीत तर मला बरं वाटलं असतं.

आणि मी काय हौसेनं बोलले का? ती सभा कशासाठी होती ते विसरू नका. आपले पडदे शिवून दिलेली ती खालच्या वस्तीतली शिवणवाली. सोळा नोव्हेंबरला ती अडीच महिन्यांची मुलगी घेऊन दवाखान्यात धावत गेली. पोरीचे ओठ जांभळे, नखं शाईत बुडवल्यासारखी. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, हृदय ऐकलं, प्राणवायू लावला, रंग काही बदलेना. शेवटी टाचेतून रक्ताचा एक थेंब काढून टिपकागदावर ठेवला. हवा लागली की रक्त लाल दिसायला हवं, हे चॉकलेटीच राहिलं. तेव्हा त्यांनी विचारलं, बाळाला पाणी कुठलं देता? पावडरचं दूध, विहिरीच्या पाण्यात कालवलेलं. लहान बाळाच्या पोटात नायट्रेटचं जे होतं त्यानं रक्त प्राणवायू पोहोचवायचं विसरून जातं. मग शिरेतून एक औषध दिलं, तेही निळंच, आणि तासाभरात पोर गुलाबी झाली. शिवणवाली दुसऱ्या दिवशी लंगोट हिरवा झालेला बघून पुन्हा किंचाळली. ते औषधच बाहेर पडत होतं.

मुलगी आता बरी आहे. हे तुम्हाला कळवायला हवं होतं, कारण तुम्ही विचारायला थांबला नाहीत.

मी सांगायचं ते सगळं सांगितलं. सगळं. आता राग धरायचा तर धरा.

तुमची मुलगी

२१ डिसेंबर

बाबा,

पाकीट परत आलं. ‘घेण्यास नकार.’ अक्षर तुमचंच, त्या ‘घ’चं पोट मी कुठंही ओळखीन. पण पाकिटाची जीभ सुरकुतलेली आहे, आणि मी जिभेनं चिकटवते, डिंक लावत नाही. वाफेवर उघडलंत, वाचलंत आणि डिंकानं बंद करून परत पाठवलंत. कारखान्यातला माणूस, काम स्वच्छ. तरी पकडलं.

वाचलंत ना, मग हेही वाचाल.

मला एका जागी बसवत नाही. प्रयोगशाळेत धुतलेली काचसामग्री पुन्हा धुते. घरी आले की तुमची खोली झाडते. तिथं राहतंय कोण, कचरा करायला? काल पलंग खिडकीकडून दाराकडं नेला आणि संध्याकाळी परत खिडकीकडं. लहानपणी तुम्ही मला भिंगरी म्हणायचात. तेव्हा निदान फिरायला मजा यायची.

मी सात वर्षांची असताना तुम्ही मला कारखान्याच्या फाटकापाशी नेलं होतंत. म्हणालात, ‘तोंड उघड, हवा गीळ.’ मी गिळली. ‘आत्ता गिळलंस त्यातले पाचांतले चार भाग नायट्रोजन. पण तुझ्या अंगी लागायचा नाही, झाडाच्याही नाही. दोन-दोन कण मिठी मारून बसलेले असतात, सुटतच नाहीत. आम्ही त्यांना दोनशे पट दाबतो, भट्टीत घालतो, तेव्हा कुठं मिठी सुटते. मग त्याचं खत होतं आणि खताचं तुझं जेवण.’ त्या दिवशी घरी येऊन मी आईला सांगितलं, बाबा हवेतून जेवण काढतात. ती म्हणाली, ‘मग रोज डबा कशाला नेतात?’

बाबा, ते सगळं खरं होतं. आजही खरं आहे. जगातली निम्मी माणसं त्या मिठी सोडवण्यावर जेवतात, हे मी शाळेत मुलांना शिकवायला जाते तेव्हा सांगते आणि माझे वडील ते काम करत होते हेही सांगते. पण पुढचं तुम्ही कधी सांगितलं नाहीत, कारण पुढचं फाटकाबाहेर घडायचं. सुटलेला कण पुन्हा सहजी बांधला जात नाही. मळ्यात टाकलेल्या युरियातला निम्माच कोबीच्या अंगी लागतो. उरलेला थोडा वायू होऊन वर जातो आणि आभाळ तापवतो. थोडा ओढ्यातून नदीला जातो, तिथं शेवाळ माजतं आणि मासे गुदमरतात. थोडा मातीतून झिरपत, वर्षाला हात-दीड हात, खाली विहिरीत उतरतो. आधी हे मिठी सोडवायचं काम जमिनीतले जंतू आणि आभाळातली वीज करायची, बेतानं. आता माणूस एकटा त्या सगळ्यांइतकं करतो, आणि थांबायचं कुठं ते कुणी ठरवलेलं नाही.

तक्त्यात तुम्ही एकरी दोन गोण्या लिहिल्यात. मळेवाले अडीच टाकत, कधी तीन. ‘अर्धी गोणी जादा, खात्रीची’, हे सोसायटीत सगळे म्हणतात. तुम्हालाही ठाऊक होतं.

आता एक गोष्ट. ही लिहायला बसले आणि तीनदा उठून पाणी पिऊन आले.

त्या विहिरीचा नमुना मी जूनमध्येच तपासला होता.

एकशे अठरा आला. मी यंत्र बंद केलं, सुरू केलं, पुन्हा तपासलं. एकशे अठरा. मग वहीत लिहिलं, ‘नमुना सदोष, पुन्हा घ्यावा.’ नमुना सदोष नव्हता. मीच घेतला होता, माझ्या हातानं, माझ्या बाटलीत. पण तो गुरुवार होता आणि त्या रविवारी सोसायटीत तुमचा सत्कार होता. तुम्ही आठवडाभर आरशासमोर भाषण म्हणत होतात आणि नको तिथं थांबत होतात. मी म्हटलं, सोमवारी बघू. सोमवारी दुसरं काम निघालं. मग जुलै आला. एकदा उशीर झाला की उशिराचं कारण द्यावं लागतं, आणि कारण तुम्ही होतात. म्हणून आणखी उशीर.

हे मी सभेत सांगितलं नाही.

५ जानेवारी

बाबा,

या वेळी पाकीट परत आलं नाही. आत्या म्हणते, तुम्ही ते शर्टाच्या खिशात घालून फिरता आणि विचारलं की म्हणता, ‘बिल आहे.’

दहा दिवस मी ठरवत होते की पुढचं लिहायचं नाही. जूनचं सांगितलं, पुरे. पण अर्धं खरं सांगितल्यावर उरलेलं अर्धं जास्त टोचतं. काल बसमध्ये माझ्याच नावानं स्वतःला मोठ्यानं हाक मारली. शेजारची बाई सरकून बसली.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शिवणवाली प्रयोगशाळेच्या खिडकीशी आली होती. बाळाला कुंचीत गुंडाळून. दोन आठवड्यांची पोर, काकडीएवढी. म्हणाली, ‘ताई, मला दूध येत नाहीये, पावडरचं द्यायला सांगितलंय. आमच्या विहिरीचं पाणी चालेल ना?’

मी चहाचा कप हातात घेऊन उभी होते. म्हटलं, ‘उकळून घ्या. चांगलं वीस मिनिटं.’

असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो, दिवसातून दहादा. जंतू मरतात. पण नायट्रेट जंतू नाही, बाबा. ते मरत नाही. पाणी उकळून वाफ होऊन जातं आणि ते भांड्यात राहतं. जितकं उकळावं तितकं दाट. हे मला माहीत आहे, दर वर्षी नव्या पोरांना मीच शिकवते.

ती वळली तेव्हा मला एकशे अठरा आठवला. अगदी तेव्हाच. कप ठेवला, जिना उतरून फाटकापर्यंत गेले. ती समोर बस थांब्यावर उभी होती, बाळाच्या तोंडावर पदराची सावली करून. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी विचार केला, काय सांगू? पाणी वाईट आहे म्हटलं तर विचारेल, कधीपासून माहीत होतं? तेवढ्यात वरून साहेबांनी हाक मारली, ‘फोन आहे तुमचा.’ फोन तुमचाच होता. येताना दाढीची पाती आणायला सांगत होतात.

मी वर गेले. खिडकीतून पाहिलं तेव्हा बस निघून गेली होती.

सभेत मी तक्त्याकडं बोट दाखवलं ते तुम्ही उठून गेलात म्हणून पूर्ण झालं. तुम्ही थांबून विचारलं असतंत, ‘आणि तुला कधी कळलं?’ तर माझी दातखीळ बसली असती. तुम्ही विचारलं नाहीत. नव्वद माणसांदेखत तुम्ही सगळं एकट्याच्या अंगावर घेऊन बाहेर गेलात आणि मी तुम्हाला घेऊ दिलं. वर टाळ्या पडल्या. एक मळेवाला म्हणाला, ‘पोरगी बापालाही सोडत नाही, असं माणूस हवं.’

त्या टाळ्यांमुळं मला झोप नाही.

१८ जानेवारी

बाबा,

सांगून टाकलं. आधी तिला, मग साहेबांना. उलटं केलं असतं तर साहेबांनी तिला सांगू दिलं नसतं.

शिवणवाली मशिनवर बसली होती, कुणाच्या तरी गणवेशाची बाही शिवत. बाळ पायाशी टोपलीत. मी उभ्या उभ्याच बोलले, बसले असते तर रडले असते आणि मग तिलाच मला पाणी द्यावं लागलं असतं. कुठलं पाणी दिलं असतं? जूनचा आकडा सांगितला. खिडकीतलं सांगितलं. फाटकापर्यंत आले होते तेही सांगितलं. ते सांगायला नको होतं, तेवढीच माझी बाजू होती आणि तिथं ती हलकट वाटली.

तिनं मशीन थांबवलं नाही. बाही पूर्ण केली, दातानं दोरा तोडला.

‘म्हणजे जितकं जास्त उकळलं तितकं वाईट?’

‘हो.’

‘तुम्ही वीस मिनिटं म्हणालात,’ ती म्हणाली. ‘मी तीस उकळत होते. म्हटलं, दहा मिनिटं जादा. बाळासाठी.’

ती बाळाकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

‘दवाखान्यात सगळे मला विचारत होते, काय पाजलंस, कसं पाजलंस. सासू अजून विचारते. मला वाटायचं माझंच भांडं घाण होतं. मी भांडं फेकून दिलं. चांगलं भांडं होतं.’ मग म्हणाली, ‘जा तुम्ही. आज जा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला : वरच्या टाकीचं पाणी कॅनमध्ये भरून रोज आणून द्यायचं, दारात ठेवायचं, हाक मारायची नाही. रोज स्कूटरवरून दोन कॅन नेते. पोचले की ती आतून मशीन जोरात चालवते.

साहेबांनी वही बघितली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, ‘तुम्ही हे मला तोंडी का सांगितलंत? लेखी द्या.’ दिलं. तसं लेखी पत्र सोसायटीलाही दिलं आणि मागितलं की ते सभेत मोठ्यानं वाचावं. वाचलं. या वेळी टाळ्या नव्हत्या. माझा सहीचा अधिकार काढून घेतलाय, चौकशी होईपर्यंत मी भांडारात बाटल्या मोजते. बरंच म्हणायचं, उठबस होते.

विहीर बंद केली, कुलूप लावलं. पण वस्तीत आणखी चार विहिरी आहेत आणि पाणी त्याच उतारानं येतं. आज सगळ्यांनी युरिया बंद केला तरी जमिनीत उतरलेलं आहे ते येतच राहणार. आत्ता विहिरीत जे आहे ते दहा-बारा वर्षांपूर्वीचं आहे, बाबा. तुम्ही निवृत्त होऊन नुकता तो तक्ता लिहिला होतात तेव्हाचं.

एक उपाय वाचलाय. तुम्ही हसाल. मळ्यांचं निचऱ्याचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं लांब चर खणायचा, त्यात लाकडाचे कपटे भरायचे, वरून माती लोटायची. आत हवा नसते. ओल्या लाकडावर जंतू वाढतात. त्यांना श्वासाला प्राणवायू मिळत नाही, म्हणून ते नायट्रेटमधला ओढून घेतात, आणि नायट्रोजनचे दोन-दोन कण पुन्हा मिठी मारून हवेत निघून जातात. ना दाब, ना भट्टी. तुम्ही चौतीस वर्षं जे सोडवलंत ते जंतू चिखलात बसून पुन्हा बांधतात.

साहेब म्हणाले, अशा चरासाठी आपल्याकडं कुणी जाणकार माणूस नाही.

३ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. ना मायना, ना सही. शिफ्टच्या वहीत लिहितात तसं :

‘चर किती खोल? उतार किती? पाणी आत किती तास राहतं? लाकूड कोणतं, ओलं की वाळलं? उन्हाळ्यात निचरा आटल्यावर जंतू मरतील का? वेग आवरायला झडप कुठं? आणि गोणीला दोष देऊ नकोस, गोणीला हात नसतात.’

सात वेळा वाचलं. मग दुपारी भांडारात, बाटल्यांच्या खोक्यावर बसून उत्तरं काढली.

खोल छातीएवढा, रुंद दोन हात, लांब चाळीस पावलं. उतार जेमतेम, शंभराला एक. पाणी आत निदान आठ तास राहायला हवं, कमी राहिलं तर काम अर्धवट होतं आणि जास्त राहिलं तर सडक्या अंड्याचा वास येतो. लाकूड कोणतंही, पण रंग-रोगण लावलेलं नको. वखारीत कपटे फुकट पडलेत. जंतू मरत नाहीत, निजतात. झडपेचं मला कळत नाही. खरंच कळत नाही, तुम्हाला बोलावायला म्हणत नाही.

आणि एक, आधीच सांगते, मग म्हणाल सांगितलं नाही. चरानं आजचं पाणी अडेल, जुनं नाही. विहिरी शुद्ध व्हायला पंधरा वर्षं लागतील, कदाचित वीस. तुम्ही एकाहत्तरचे आहात.

गोणीला हात नसतात, कबूल. पण गोणीवर ‘थोडं घाला’ असंही कुणी छापत नाही.

शिवणवालीला म्हटलं, बाबा कदाचित येतील. ती म्हणाली, ‘तक्तावाले?’ मी हो म्हटलं. ‘आले तर मला सांगा. त्यांच्याशी मला बोलायचंय. तुमच्यासमोर नाही.’

माझ्याशी तिनं दोन आठवड्यांत बोललेलं हे पहिलं वाक्य.

१४ मार्च

बाबा,

तुम्ही आलात, पाच दिवस राहून चर खणवून घेतलात आणि गेलात. त्या पाच दिवसांत आपण चराशिवाय एका शब्दानं कशावर बोललो नाही. तुम्ही एका मळेवाल्याच्या खोलीत झोपलात, घरी आला नाहीत. स्टेशनवर मी बॅग घेऊ लागले तर म्हणालात, ‘जड नाही.’ म्हणून जे बोलायचं राहिलं ते लिहिते.

सोसायटीच्या सभेला ‘तू येऊ नकोस’ असं तुम्ही निरोपानं कळवलं होतंत. मी आत आले नाही. बाहेर सायकलींपाशी उभी होते. तुम्हाला वाटतं तुम्ही हळू बोलता. ऐकू कमी येणारा माणूस हळू बोलूच शकत नाही. सगळं ऐकू आलं.

‘तक्ता माझा,’ तुम्ही म्हणालात. ‘आकडे त्या वर्षी बरोबर होते. तुम्ही अर्धी गोणी जादा टाकत होतात, मला ठाऊक होतं. मी कधी नको म्हटलं नाही. पीक चांगलं आलं की तुम्ही माझ्याकडं यायचात, मला बरं वाटायचं. निवृत्त माणसाकडं कोण येतं? माझ्या पोरीनं पाच महिने आकडा लपवला, तो माझ्यापायी. तिचं चुकलं. तिला माझी भीती नव्हती, माझी कीव होती. ते मला जास्त लागलं.’

कीव नव्हती, बाबा. काय होती ते मलाही सांगता येत नाही. तुम्ही आरशासमोर ‘मान्यवर मंडळी’ म्हणताना अडखळत होतात आणि मी दाराआड तुमचं पुढचं वाक्य ओठांत म्हणत होते. त्याला कीव म्हणत असतील तर म्हणू देत.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते सांगते. तेहतीस मळेवाल्यांपैकी अकरांनी गोण्या निम्म्यावर आणल्या. बाकीचे म्हणतात, आधी या अकरांचा कोबी बघू. एकानं तुमच्या तक्त्याचा फोटो काढून ठेवलाय, लपवून. चराच्या तोंडाशी पाणी शहाण्णव होतं, शेवटाला पहिल्या आठवड्यात ब्याऐंशी, काल सत्तेचाळीस. अहवालावर सही प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीची आहे. ती प्रत्येक नमुना दोनदा तपासते आणि माझ्याकडं बघते. मी मान डोलवत नाही. तिचं तिनं ठरवावं. तुमची झडप थोडी गळते, वखारवाल्यानं चामडं लावलंय.

शिवणवाली आणि तुम्ही बांधावर अर्धा तास बसला होतात. काय बोललात ते ती सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. परवा एवढंच म्हणाली, ‘तुमचे वडील भांड्याबद्दल विचारत होते. किती लिटरचं होतं म्हणून.’ माझं मात्र तिनं काही माफ केलेलं नाही, आणि मी तशी वाटही बघत नाही.

चौकशी संपली. एक वर्ष सही नाही. पण त्यांना भागातल्या सगळ्या विहिरींचे नमुने हवेत, एकशे चाळीस, आणि इतकी पायपीट करायला कुणी तयार नाही. मी हात वर केला. सोमवारपासून फिरते आहे. पायात गोळे आलेत. रात्री झोप लागते.

काल टेकडीपलीकडं गेले होते. तिथं तुमचा तक्ता कधी पोचला नाही, सोसायटीही नाही, लोकांना तुमचं नाव माहीत नाही. विहिरीचं पाणी स्वच्छ, थंड, चवीला गोड. बरोबर नेलेल्या पट्ट्यांवर तपासलं. पट्टी जिथं संपते तिथवर रंग पोचला. शंभरच्या वर. पुढची विहीर, ऐंशी. त्यापुढची, शंभर. प्रत्येकाच्या घरात गोण्या, आणि प्रत्येकानं कुणाचं तरी ऐकून अर्धी जादा टाकलेली. हे वाचून तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. बरं वाटावं अशी ही बातमीच नाही.

तिसऱ्या विहिरीवर एक बाई कपडे पिळत होती. पोट पुढं आलेलं, सातवा-आठवा महिना. मला बघून म्हणाली, ‘काय करताय?’ मी पट्टी दाखवली आणि आकडा सांगितला. म्हटलं, हे पाणी पिऊ नका, बाळाला तर अजिबात देऊ नका.

‘उकळून?’ तिनं विचारलं.

‘उकळून तर मुळीच नाही.’

‘मग काय प्यायचं?’

मी तिथंच दगडावर बसले. तिचा नवरा कामावरून येईपर्यंत बसले, त्यालाही आकडा सांगितला. मग आम्ही तिघं वरच्या रस्त्यानं चालत जाऊन नळाचं पाणी कुठपर्यंत येतं ते बघून आलो. पाऊण तासाच्या वाटेवर एक नळ आहे. तो तपासला. चांगला निघाला. नवऱ्यानं तिथंच दोन घागरी भरल्या.

मंगळवारी त्यापुढच्या वस्तीला जाते आहे. तिथं सोळा विहिरी आहेत आणि बाटल्यांचं ओझं एकटीला होत नाही. गाडी सव्वासातला येते. बूट घालून या, वाट चिखलाची आहे.